शेवटची दहा मिनिटं

आष्ट्यात आमच्या गल्लीतून रविवारी दुपारी साडेचारला जाणारे मोटारसायकलवाले कोपऱ्यावरच गाडी हळू करायचे. रस्त्याच्या मधोमध एक म्हातारा उभा असायचा. हातात कपबशी, चष्मा कपाळावर चढवलेला आणि नजर स्वतःच्याच घराच्या ओसरीवर. कुणी हॉर्न वाजवला तर तो बशीतला चहा सांडू न देता एक पाऊल बाजूला व्हायचा, गाडी गेली की पुन्हा त्याच जागी यायचा.

"आवं आबा, रस्ता हाय ह्यो!" एखादा ओरडायचा.

"ठावं हाय. मीच मोजलाय," आबा म्हणायचे.

हे आमचे घरमालक. माझा नवरा लष्करात, लडाखला. सासर साताऱ्याला. बँकेनं बदली आष्ट्याला केली आणि मी आबांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला आले. आबा सरकारी भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले. म्हणजे शेताची मोजणी करणारे, हद्दीचे दगड रोवणारे, भावाभावांच्या भांडणात मोजणीची साखळी घेऊन उभे राहणारे साहेब. वय त्र्याहत्तर. सगळं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांचे बांध ठरवण्यात घालवलं होतं.

ओसरीवर भिंतीला एक चित्र टांगलेलं होतं. मोठ्या पुस्तकातून कापून काचेत बसवलेलं. फ्रान्समध्ये इम्प्रेशनिस्ट म्हणून जे चित्रकार होऊन गेले, त्यांच्यापैकी कुणाचं तरी. कुठलंसं रान, पलीकडे झाडांची ओळ, झाडांमागे नदी आहे की रस्ता ते कळत नाही. जवळून पाहिलं तर नुसते रंगाचे फटकारे. आबांच्या हिशेबानं ते अकरा पावलांवरूनच बघायचं. अकरा पावलं मागं आलं की माणूस रस्त्याच्या मध्यावर. आणखी चार टाकली तर पलीकडच्या गटारात.

पहिल्या रविवारी त्यांनी मलाही कप हातात देऊन रस्त्यात उभं केलं.

"काय दिसतंय मॅडम?"

"शेत दिसतंय."

"बांध दिसतोय?"

मी नीट पाहिलं. "नाही."

"मंग!" म्हणून ते इतके खूश झाले की जणू मी काही शोधच लावला होता. यात खूश होण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. पुढं दोन वर्षं त्या घरात मला बहुतेक गोष्टी अशाच कळल्या नाहीत.

चित्र हा कार्यक्रमाचा दुसरा भाग. पहिला भाग अडीचला, मधल्या खोलीत सुरू व्हायचा. खिडक्यांना खताची पोती उसवून शिवलेले पडदे होते. ते आबा स्वतः ओढायचे. सगळे पूर्ण ओढायचे नाहीत, एका खिडकीला मुद्दाम फट ठेवायचे. मग टीव्हीला पेनड्राइव्ह लावून जुना काळा-पांढरा इंग्रजी सिनेमा. ओल्या रस्त्यावरून जाणारा टोपीवाला माणूस, जिन्यावर पडलेल्या कठड्याच्या सावल्या, सिगारेट ओढणारी बाई, एक खून. या प्रकाराला फिल्म न्वार म्हणतात, हे मला पुढं मोबाइलवर शोधल्यावर कळलं. आबा त्यांना सावलीचे सिनेमे म्हणत. साताऱ्याला नोकरीला असताना तिथल्या एका फिल्म क्लबात त्यांना हा नाद लागला होता. चित्रांचं पुस्तकही तिथलंच. एका चित्रकलेच्या मास्तरांच्या जागेचा वाद यांनी मोजणी करून मिटवला, तेव्हा मास्तरांनी कौतुकानं दिलेलं.

आबांचं इंग्रजी सरकारी नकाशापुरतं. खालची अक्षरं वाचायला त्यांना वेळ पुरायचा नाही. त्यामुळं प्रत्येक सिनेमातल्या माणसांना त्यांनी आपली नावं दिली होती. नायक 'टोपीवाला'. नायिका 'बाई'. आणि जाडजूड, हातात ग्लास घेऊन हळू बोलणारा जो कुणी असेल तो 'चेअरमन'.

"आबा, हा टोपीवाला पोलीस आहे की गुन्हेगार?" मी विचारायची.

"बगा की."

"बघतेच आहे. पण आत्ता त्यानं बंदूक का लपवली?"

"त्येला तरी कुटं ठावं हाय?"

माझ्या डोक्याला मुंग्या यायच्या. मी कादंबरी हातात घेतली की आधी शेवटचं पान वाचणाऱ्यांतली. कोण मेलं, कुणी मारलं, लग्न झालं की नाही, हे एकदा कळलं की मग निवांत वाचता येतं. आणि इथं एक वेगळीच गंमत होती. सिनेमा अगदी रंगात आला, टोपीवाला बाईच्या दारापर्यंत पोचला, आता सगळं उघडं पडणार, की आबा रिमोट उचलायचे आणि टीव्ही बंद. दर वेळी. शेवटची दहा मिनिटं शिल्लक ठेवून.

"चला, चा," एवढंच म्हणायचे.

त्याच वेळी आक्का, म्हणजे आबांची बायको, चहाचा ट्रे घेऊन दारात यायच्या. मुद्दाम ठेवलेल्या फटीतून उन्हाची एक पट्टी आक्कांच्या चेहऱ्यावर पडायची. आबा म्हणायचे, "आता दिसली खरी हिरॉईन."

"हिरॉईनीचं गुडगं दुकत्यात. कप धरा आदी," आक्का म्हणायच्या.

मला अर्धवट राहिलेलं सहन होत नाही. मी काय करायची, वर खोलीत जाऊन मोबाइलवर तोच सिनेमा शोधायची आणि राहिलेली दहा मिनिटं बघून टाकायची. आबांना न सांगता. बऱ्याचदा मला शेवट बघूनही काही कळायचं नाही, ती गोष्ट वेगळी. पण निदान कुणी केलं ते कळायचं.

एका रविवारी माझ्या तोंडून निघून गेलं. रस्त्यात उभं राहून चहा घेताना आबा मागच्या आठवड्यातल्या सिनेमाबद्दल बोलत होते. "त्या बाईनं मारलं नसंल, तिच्या डोळ्यांत तसं दिसत न्हाई," असं काहीतरी. मी सहज म्हटलं, "बरोबर आबा, तिनं नाहीच मारलं. तिच्या नवऱ्याच्या भावानं मारलं. शेवटी तो कबूल करतो."

आबांनी कप बशीत ठेवला. चष्मा डोळ्यांवर घेतला. माझ्याकडं बघितलं नाही. सरळ आत गेले.

पुढचे दोन रविवार पडदे ओढले गेले नाहीत. गल्लीतले मोटारसायकलवालेसुद्धा चमत्कारिक नजरेनं मोकळ्या रस्त्याकडं बघून गेले. मला खूप वाईट वाटलं आणि रागही आला. सिनेमाचा शेवट सांगितला म्हणून सत्तरी ओलांडलेल्या माणसानं रुसावं?

तिसऱ्या रविवारी आक्का गुडघे सांभाळत, कठड्याला धरत वर माझ्याकडं आल्या. खुर्चीवर टेकल्या.

"पोरी, त्येंच्यावर रागवू नगंस. त्येंला शेवटाचं भ्या हाय."

"भीती कसली आक्का?"

"कुंडलला माझी भन हाय धाकटी. तीस वर्सं झाली, मी तिच्या घरचं पाणी प्याले न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. आबांचं मूळ गाव कुंडल. आबा आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. वडील वारल्यावर उसाच्या रानाची वाटणी करायची ठरली. निम्मं निम्मं, वाद काहीच नव्हता. रानाच्या साधारण मधोमध विहीर. ती ज्याच्या बाजूला येईल त्याची. आता मोजणी कुणी करायची? घरात सरकारी मोजणीदार असताना परका माणूस कशाला, असं सगळे म्हणाले. धाकटा भाऊ तर म्हणाला, "दादाच्या साखळीवर माजा डोळं झाकून इस्वास हाय." आणि आबांनी, ज्यांनी उभ्या नोकरीत नात्यातल्या कुणाच्या शेतात साखळी टाकली नव्हती, त्याचं ऐकलं. साखळीचं एक टोक आबांनी धरलं, दुसरं धाकट्यानं. विहीर चार हातांनी आबांकडं आली.

"साखळी वडलीस, दादा," असं धाकटा म्हणाला. एवढंच. त्यानंतर तो आबांशी बोलला नाही आणि बायकोला तिच्या बहिणीकडं पाठवलं नाही. आबांनी विहिरीचं पाणी देऊ केलं, ते त्यानं घेतलं नाही, वेगळी बोअर मारली. आबांनी विहीरच देऊन टाकावी, असं आक्का म्हणाल्या होत्या. पण दिली तर साखळी ओढली हे कबूल केल्यासारखं झालं असतं. मग ते रान वाट्यानं दिलं आणि आष्ट्याला घर बांधलं.

"ह्यो मानूस खोटं मोजायचा न्हाई, पोरी. मला ठावं हाय," आक्का म्हणाल्या. "पन त्येलाच ठावं न्हाई."

हे शेवटचं वाक्य मला समजलं नाही. माणसाला स्वतःनं केलेलं स्वतःला कसं ठाऊक नसेल? मी त्याच दिवशी खाली जाऊन आबांची माफी मागितली. पुढच्या रविवारी पडदे ओढले गेले. रस्त्यात चित्रासमोर उभं राहून मी धीर करून विचारलं, "आबा, त्या दिवशी कुंडलला नक्की काय झालं?"

नजर चित्रावरून न काढता त्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "मॅडम, शेवटची साखळी टाकायची हुती. ती टाकायच्या आदी माजी नजर हिरीकडं गेली. हात कुटं गेला, मला ठावं न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी तेच. लय आठवून बगितलं. एकदा वाटतं, सरळ टाकली. एकदा वाटतं, वडली. तो टोपीवाला न्हाई का, बंदूक हातात घिऊन हुबा ऱ्हातो आन् त्येलाच कळत न्हाई, आपन गोळी घातली का न्हाई?" चहा निवून गेला होता, तो त्यांनी एका घोटात संपवला. "शेवटाला उजेड पडतो. समदं कायम हुतं. ह्यो चोर, ह्यो साव. मला ते बगवत न्हाई."

माझ्यासारख्या बाईला, जिला शेवट आधी हवा असतो, हे असं अधांतरी तीस वर्षं जगणं म्हणजे शिक्षाच वाटली.

आणि मग जानेवारीत नोटीस आली. धाकट्यानं त्या रानाच्या फेरमोजणीसाठी अर्ज केला होता. नव्या मशीननं. आक्कांच्या बहिणीनं कुणाच्या तरी हाती निरोप पाठवला होता, 'डोळं मिटायच्या आदी खरं काय ते कळावं, म्हनत्यात.'

त्या आठवड्यात आबा जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. मशीननं त्यांना खोटं ठरवलं तर उभी नोकरी मातीत गेली. खरं ठरवलं तर धाकट्याची मान खाली गेली, आणि मान खाली घालून तो कुठला या घराची पायरी चढतोय? दोन्हीकडून आक्कांची बहीण तुटलेली ती तुटलेलीच राहणार. आबा ओसरीत येरझाऱ्या घालायचे आणि पावलं मोजायचे. मी मोजणीच्या दिवशी रजा काढली आणि त्यांना माझ्या गाडीतून कुंडलला घेऊन गेले. आक्का आल्या नाहीत. थर्मासमध्ये चहा भरून दिला, बिनसाखरेचा.

ऊस तुटून गेला होता, रान मोकळं होतं. मोजायला आलेली मुलगी पंचविशीची असेल. डोक्यावर कॅप, हातात काठी, काठीच्या टोकाला पांढरं यंत्र. आबा तिच्याजवळ गेले.

"साखळी कुटं हाय?"

"आता साखळी नसते आजोबा. वरून उपग्रह सांगतो."

"वरनं? मंग बरं हाय. त्येला कुनाची वळख न्हाई," म्हणाले आणि चिंचेखाली जाऊन बसले. रानाकडं पाठ करून.

धाकटा भाऊ आधीच आला होता. उंच, काटक, डोक्याला पांढरी टोपी, हातात काठी. तो लांब बांधावर उभा राहून त्या मुलीच्या मागं मागं नजर फिरवत होता. अर्धा तास गेला. ती या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जात होती. मी दोघांकडं आळीपाळीनं बघत होते. मला वाटलं, आता हा जाऊन तिच्याशेजारी उभा राहील. पण झालं उलटंच. तो चिंचेकडं आला आणि दहा-बारा हातांवर थांबला.

"पाठ फिरवून काय बसलायस?"

तीस वर्षांनी बोललेलं पहिलं वाक्य ते.

"तू बग. तुजासाठीच चाललंय," आबा म्हणाले.

तो बघायला वळला. उभा राहिला. मग काठी टेकत हळूच खाली बसला, त्यानंही रानाकडं पाठ केली. "माज्या बी डोळ्याला ऊन सोसंना आता," म्हणाला. ऊन कुठं होतं? आम्ही चिंचेच्या सावलीत होतो. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यालाही भीती होती. भाऊ खरा निघाला, तर तीस वर्षं एका बाईला तिच्या बहिणीपासून तोडलं, त्याचं उत्तर याला द्यावं लागणार होतं.

मी थर्मासमधून दोन कप चहा ओतला. धाकट्यानं घोट घेतला आणि कपाकडं बघितलं.

"साखर न्हाई ह्यात."

"शुगर हाय मला," आबा म्हणाले.

"कवापास्नं?"

"आट वर्सं झाली."

"मला सा," धाकटा म्हणाला आणि चहा पिऊ लागला.

तेवढ्यात लांबून त्या मुलीनं हात हलवला. "झालं! या बघायला!"

दोघंही उठले नाहीत. एकानं कप झाडाच्या मुळीवर ठेवला, दुसऱ्यानं टोपी काढून पुन्हा घातली. मीच उठले आणि गेले. मला शेवट बघायची सवय.

मुलीनं टॅबवर दोन रेषा दाखवल्या. एक जुनी, एक तिची. दोन कुठल्या, मला एकच दिसत होती. "तंतोतंत जुळतंय," ती म्हणाली. "विहीर मोठ्या भावाचीच. साखळीनं एवढं अचूक काम मी कधी बघितलं नाही. कुणी केली होती ही मोजणी?"

मला रडू आलं. इतक्या वर्षांत कुणी आबांना हे एक वाक्य सांगितलं असतं तर! मी धावतच निघाले होते सांगायला. पण चिंचेखाली ते दोघं पाठमोरे बसले होते, दोघांच्या मध्ये आक्कांचा थर्मास, आणि धाकटा हातानं काहीतरी दाखवत बोलत होता. माझे पाय तिथंच थांबले. मी परत त्या मुलीकडं गेले आणि म्हटलं, "ते विचारेपर्यंत सांगू नका. नकाशा पोस्टानंच जाऊ दे."

तिनं खांदे उडवले. कागदांवर दोघांच्या सह्या घ्यायच्या होत्या. दोघांनी न वाचता केल्या.

परत येताना आबांनी एक शब्द विचारला नाही. घरी आल्यावर आक्कांनी विचारलं, "काय निगालं?"

"नकाशा यायचाय," मी म्हटलं. आक्कांशी मी खोटं बोलले, ते तेवढं एकदाच.

पंधरा दिवसांनी रविवारी अडीचला दारात गाडी थांबली. धाकटा भाऊ उतरला, मागून त्याची बायको. तिला बघून आक्का गुडघे विसरल्या. दोघी बहिणी ओसरीतच एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि किती वेळ नुसत्या 'अगं, अगं' करत राहिल्या. धाकट्याच्या हातात सरकारी पाकीट होतं. न फोडलेलं.

"फोड," त्यानं आबांपुढं धरलं.

"तुजा अर्ज. तू फोड."

"तू थोरला."

पाकीट या हातातून त्या हातात दोनदा गेलं. शेवटी आबांनी ते चित्रांच्या पुस्तकात ठेवलं आणि पुस्तक मिटलं. "सिनेमा सुरू हुयाचा हाय. बस," म्हणाले.

तेव्हापासून धाकटा दर रविवारी येतो. तोही रस्त्यात उभा राहून चित्र बघतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आबांनी त्याला मोठ्या अभिमानानं सांगितलं की यात बांध नाही. त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "मंग ह्या रानाला पाणी कुटनं पाजत असतील रं?" आबांना याचं उत्तर अजून सुचलेलं नाही.

मी मात्र त्या दिवसांत फार बेचैन होते. एक माणूस तीस वर्षं स्वतःला चोर समजत होता, त्याची निर्दोष सुटका माझ्या पोटात होती आणि मी ती दाबून ठेवली होती. सांगावं तर आक्कांची बहीण पुन्हा तुटेल ही भीती. न सांगावं तर आबांवर अन्याय. बँकेत फॉर्मवर सही करताना मध्येच थांबायची. एका रविवारी धाकटा यायच्या आधी आबांनीच मला रस्त्यात गाठलं. चष्मा कपाळावर, हातात कप.

"मॅडम, ती मशीनवाली पोरगी तुमाला काय बोलली?"

सरळ सांगवेना आणि खोटंही बोलवेना. मी म्हटलं, "म्हणाली, साखळीनं एवढं अचूक काम मी कधी बघितलं नाही."

आबा हलले नाहीत. मागून एक गाडी हॉर्न वाजवत होती, तरी बाजूला झाले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी पुसले नाहीत. मग खूप हळू आवाजात म्हणाले, "धाकट्याला नगा सांगू."

"पण आबा, तुम्ही खरे होता!"

"व्हय," ते म्हणाले. "मला कळलं. बास झालं."

आता माझी बदली पुन्हा साताऱ्याला झाली आहे. निघायच्या आधीच्या रविवारी मी शेवटची त्यांच्याबरोबर बसले होते. दोघी बहिणी स्वयंपाकघरात कशावरून तरी हसत होत्या. टोपीवाला चेअरमनच्या दारापर्यंत पोचला आणि आबांनी रिमोट उचलला.

"आरं, शेवट तरी बगू दे की एकदा!" धाकटा वैतागून म्हणाला.

"शेवटाची लय हौस आली व्हय? पाकीट फोडू?"

धाकट्यानं पुस्तकाकडं बघितलं, मग पायांकडं. "नगं," म्हणाला. मग न राहवून त्यानं विचारलं, "पन दादा, तुला काय वाटतं? कोन खरा आसंल?"

आबांनी टीव्ही बंद केला, उठून पडदा बाजूला सारला आणि आक्कांच्या हातातला ट्रे घेतला.

"कुनास ठावं गड्या," ते म्हणाले. "चा घे, निवंल."